सेल्फ मारला की नुसतं 'टक्', गाडी चालू होऊन नाही राहिली – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ऑटो इलेक्ट्रिकमधले कोणी जाणकार असतील तर कृपया सांगा.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, २०१६ ची. गेला आठवडाभर चावी फिरवली की बॉनेटखालून एकदाच 'टक्' वाजतं आणि पुढे शांतता. क्वचित 'कटकटकट' अशी माळही लागते. हॉर्न खणखणीत आहे. हेडलाइट लावून चावी फिरवली तरी उजेड मंद होत नाही. बॅटरी दोन वर्षांची आहे, पण नागपूरच्या मनीषनगरला उघड्यावर पार्किंग, त्यात हा नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), म्हणून संशय तिच्यावरच.

शेजारच्या काकांच्या गाडीवरून जंपर केबल लावली की पहिल्याच सेल्फला चालू होते. त्यामुळे बॅटरीवाला म्हणतो, बॅटरी गेली. गॅरेजवाला म्हणतो, सेल्फची मोटर गेली, पूर्ण बदला. दोघंही छातीठोक सांगून राहिले. रविवारी लग्नाला वर्ध्याला जायचंय, बुटीबोरीच्या पुढे कुठे बंद पडली तर या उन्हात लेकराबाळांना घेऊन काय करू?

प्रतिसाद १
भाऊ, व्होल्ट मोजायचं मीटर लावल्याशिवाय बॅटरी बदलू नका. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग घरच्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्याच वेळी आकडा बघा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. आकडा साडेनऊच्या बराच खाली कोसळला तर बॅटरी कमजोर. नागपूरच्या उन्हात बॅटऱ्या लवकर जातात हे खरंच आहे, पाणी आटतं, प्लेटा गंजतात. पण म्हणून दरवेळी तीच दोषी असते असं नाही.

प्रतिसाद २
एकच 'टक्' म्हणजे सॉलेनॉइड (सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातोय पण मोटर फिरत नाही. मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन ब्रश झिजले असतील. मोटरच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकं ठोका आणि लगेच सेल्फ मारून बघा. चालू झाली तर ब्रश समजा. तेही नुसते ब्रश बदलून मिळतात, 'पूर्ण मोटर बदला' हे ऐकलं की मी त्या गॅरेजमध्ये परत जात नाही.

प्रतिसाद ३
वरचं दोन्ही बरोबर आहे, पण एक विचारतो. जंप देताना काळा चिमटा कुठे लावला होता? बॅटरीच्या मायनसला की इंजिनच्या लोखंडाला?

धागाकर्ता
इंजिनला. काका म्हणाले, बॅटरीपाशी ठिणगी नको.

प्रतिसाद ३
काका शहाणे आहेत, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. पण तुमच्या कोड्याचं उत्तरही तिथेच असावं. मायनसवरून एक वायर बॉडीला जाते आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सला वेगळी अर्थिंगची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, पट्टी असते. हेडलाइटचं काम बॉडीच्या अर्थिंगवर भागतं, ५५-६० वॅटचा एक दिवा पाचेक अँपिअरच घेतो. सेल्फला शंभराच्या वर लागतात आणि ते सगळे इंजिनच्या पट्टीतून परत येतात. पट्टी गंजली की दिवे लखलखीत आणि सेल्फ मात्र 'टक्'. काकांनी चिमटा इंजिनला लावला, म्हणजे तुमची खराब पट्टी टाळून थेट त्यांच्या बॅटरीकडे रस्ता दिला. गाडी चालू होणारच. यावरून तुमची बॅटरी गेली असं ठरत नाही.

आता दुसरी गाडी न आणता बघा. काळ्या जंपर केबलचं एक टोक तुमच्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या कोऱ्या धातूला, रंग नसलेल्या जागी. सेल्फ मारा. चालू झाली तर निकाल लागला. मीटर असेल तर मायनसच्या खुंटीवर एक टोक, इंजिनवर दुसरं. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको.

धागाकर्ता
भाऊ, कमाल झाली! कूलरची मोटर बघायला घरात मीटर होताच. बॅटरी सकाळी १२.५. 'टक्' वाजताना बॅटरीवर १२.१, म्हणजे तिच्यावर भारच येत नव्हता. मायनस ते इंजिन बघितलं तर साडेसात व्होल्ट! केबलने जोडलं तर फटकन चालू. खाली हात घालून पाहिलं, गिअरबॉक्सच्या बोल्टपाशी पट्टीच्या तारा हिरव्या पडून निम्म्या तुटलेल्या, वरून प्लास्टिकची नळी असल्याने दिसत नव्हतं.

प्रतिसाद ३
झालं तर मग. पट्टी नवी घ्या, तितक्याच जाडीची. जुन्या बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, नाहीतर नवी पट्टीही तेच करेल. बॅटरीचं मायनस आधी काढा आणि सगळ्यात शेवटी लावा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर खायचा सोडा गरम पाण्यात टाकून धुवा, कोरडं झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली.

प्रतिसाद ४
मधेच घुसतो. माझी ऑटोमॅटिक आहे, तिलाही सकाळी असंच होतं. धक्का मारून चालू केली तर चालेल का?

प्रतिसाद १
नाही होणार. टॉर्क कन्व्हर्टरची असो की दुसऱ्या प्रकारची ऑटोमॅटिक, धक्क्याचा नाद सोडा. सेकंड गिअर टाकून धक्का मॅन्युअललाच. तुमचे दिवे सेल्फ मारताना मंद होतात का ते आधी सांगा, आणि शक्यतो नवा धागा काढा.

धागाकर्ता
पट्टी बदलली. दुपारी तापलेल्या गाडीतही पहिल्या सेल्फला चालू झाली. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ दाखवतंय, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक ना?

प्रतिसाद १
ठीक. जा वर्ध्याला.