गणंग (न फुटलेले दाणे) उरतात ते फार वाळवल्यामुळेही

वर कुणीतरी लिहिलंय, की घरच्या मक्याच्या लाह्या फुटत नसतील तर दाणे अजून उन्हात टाका. नवीन, ओलसर दाण्यांना ते लागू आहे, पण माझं नेमकं उलटं झालं. इंदूरला आमच्या गच्चीवर जुन्या वाणाचा लाल, बारीक दाण्याचा मका जूनअखेरीस पेरला, दसऱ्याच्या सुमारास कणसं काढली आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात दाणे तब्बल पंधरा दिवस ताटात पसरून ठेवले. कढईत टाकले तर निम्मे गणंग! सासूबाई म्हणाल्या, "यापेक्षा कोवळी असतानाच किसून भुट्ट्याचा कीस केला असता."

दाणा फुटतो तो आतल्या पाण्याच्या वाफेवर. साधारण १३-१४ टक्के ओल हवी. टणक सालाच्या आत ती वाफ कोंडते आणि १८० अंशांच्या आसपास साल फाटतं. पाणीच उडालं तर फाटणार काय? मी तीन कप दाण्यांना एक मोठा चमचा पाणी घालून बरणी घट्ट बंद केली आणि दिवसातून दोनदा हलवत राहिले. चौथ्या दिवशी मूठभर तळून पाहिले, तळाशी जेमतेम सात-आठ गणंग. आता कणसं सालं मागे सारून सावलीत टांगते, आठवड्याला दहा दाणे फोडून बघते, आणि छान फुटायला लागले की लगेच बरणीत.

आणि हो, शेजारी स्वीट कॉर्न एकाच वेळी तुऱ्यावर येऊ देऊ नका, परागकण वाऱ्याने येतात. बियाणं ठेवायचं असेल तर विशेष.