केआय-६७ आणि पीडी-एल१ यांविषयी मदत हवी आहे (अन्ननलिकेचा कॅन्सर)

नमस्कार. तासगावच्या माझ्या चुलत्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचे निदान झाले असून उपचार मिरजेत होणार आहेत. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अस्तराच्या चपट्या पेशींपासून होणारा कॅन्सर), पी४० पॉझिटिव्ह आणि केआय-६७ ७० टक्के असे लिहिले आहे. पी४० पेशींचा प्रकार ओळखण्यासाठी असतो, एवढे समजले. परंतु केआय-६७, म्हणजे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींचे प्रमाण, यावरून रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज खरोखर बांधता येतो का? माझ्या वाचनानुसार याबाबतच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि गाठीची खोली, लसिकाग्रंथींमधील प्रसार व केमो-रेडिएशनला मिळालेला प्रतिसाद यांनाच अधिक वजन दिले जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॉस नावाच्या उपचार-चाचणीत, शस्त्रक्रियेपूर्वी केमो-रेडिएशन घेतलेल्या स्क्वॅमस प्रकारच्या रुग्णांपैकी ४९ टक्के जणांच्या काढलेल्या भागात कॅन्सरच्या पेशी शिल्लक नव्हत्या. घरची मंडळी मात्र त्या ७० च्या आकड्यालाच धरून बसली आहेत.

दुसरे असे की, इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चालना देणाऱ्या औषधांचा) विचार करताना पाहिला जाणारा पीडी-एल१चा सीपीएस स्कोअर, म्हणजे कॅन्सरच्या व प्रतिकारक पेशींवर पीडी-एल१ हे प्रथिन किती आढळते याचा आकडा, आत्ताच काढून घ्यावा, की आजार पसरल्याचे दिसल्यावरच? एंडोस्कोपीतून मिळालेला तुकडा लहान असल्याने तो आधीच्या चाचण्यांत संपण्याची भीती वाटते. ही चाचणी सांगली-मिरजेत होते, की ब्लॉक (मेणात जतन केलेला बायोप्सीचा तुकडा) पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो? निर्णय डॉक्टरच घेतील. त्यांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.