टर्मिनलच्या चाचण्यांत पडदा तपासावा
टर्मिनलवर (मजकुरी आज्ञांच्या पडद्यावर) चालणाऱ्या प्रोग्रॅमची चाचणी घेताना त्याचे आउटपुट पकडून ते अपेक्षित मजकुराशी ताडून पाहावे, अशी सूचना केली जाते; ती साध्या आज्ञांपुरती योग्य आहे. परंतु प्रगती दाखवणारी पट्टी कॅरेज रिटर्नने (कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेणाऱ्या चिन्हाने) तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहीत असेल, तर पकडलेला मजकूर आणि वापरकर्त्याला दिसणारा पडदा यांत फार अंतर पडते. अशा वेळी पायथनमधील ‘पायटे’ (pyte) हे टर्मिनलची नक्कल करणारे पॅकेज वापरावे, असे मी आग्रहाने सुचवेन. मेमरीत ८० स्तंभ व २४ ओळींचा स्क्रीन तयार करून, पायटेच्या स्ट्रीमच्या (Stream) फीडमधून (feed) त्याला आउटपुट द्यावे आणि स्क्रीनच्या डिस्प्लेमधील (display) ओळी तपासाव्यात. प्रोग्रॅम मात्र स्यूडो-टर्मिनलवरच (प्रोग्रॅमला खऱ्या टर्मिनलसारख्या भासणाऱ्या आभासी टर्मिनलवर) चालवावा, कारण पाइपवर (आउटपुट थेट दुसऱ्या प्रोग्रॅमकडे नेणाऱ्या वाटेवर) अनेक प्रोग्रॅम रंग गाळतात, शिवाय तेथे येणाऱ्या नुसत्या लाइनफीडमुळे (पुढच्या ओळीवर नेणाऱ्या चिन्हामुळे) कर्सर डावीकडे परतत नाही आणि ओळी पायऱ्यांसारख्या सरकत जातात.