ड्रेस्डेनचा ऑर्गन: जुना तसाच का नाही बांधला?

कुणीतरी विचारलंय की जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे चर्च दगड न् दगड जुन्यासारखं पुन्हा उभारलं तर त्यातला ऑर्गनच (पाइपांमधून हवा सोडून वाजणारं अवाढव्य वाद्य) नवा का? अहो, यावरून तिकडे चांगलीच जुंपली होती! मूळ ऑर्गन गॉटफ्रीड झिल्बरमान या कारागिराने बांधलेला, १७३६ चा, ४३ स्टॉपचा (स्टॉप म्हणजे एकेका नादाच्या पाइपांचा संच), त्याच वर्षी १ डिसेंबरला संगीतकार बाखने स्वतः वाजवलेला, आणि फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर चर्च कोसळलं त्यात तो कायमचा गेला. एक गट म्हणे हुबेहूब झिल्बरमानच हवा, पण दुसऱ्यांचं म्हणणं की मग नंतरच्या काळातलं संगीत त्यावर कसं वाजवायचं. शेवटी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या डॅनिएल केर्न या ऑर्गन बांधणाऱ्याकडे काम गेलं, दर्शनी भाग जुन्यासारखा पण आत ४ मॅन्युअल (हातांनी वाजवायचे कीबोर्ड), त्यातलं एक चक्क फ्रेंच धाटणीचं, २००५ ला तयार. गंमत म्हणजे झिल्बरमान स्वतः ही विद्या स्ट्रासबुर्गलाच भावाकडे शिकला होता.

आणि झिल्बरमानचा खरा ऑर्गन ऐकायचाच तर जवळच्या हॉफकिर्शे चर्चमध्ये जा ना, तिथले पाइप १९४४ मध्येच काढून सुरक्षित ठेवले होते म्हणून वाचले. मला विचाराल तर केर्नकडून नवा बांधून घ्यायचा निर्णय बरोबरच होता, नक्कल करून बाखचा हात थोडाच परत येणार होता.