वर्षाला ३४० किमी चालणारी ३७०झेड : विकू की ठेवू?

कोथरूडचा_झेड
नमस्कार मंडळी. रडगाणं सुखवस्तू आहे हे आधीच मान्य करतो, त्यामुळे त्यावरून टोमणे मारू नका. माझ्याकडे निसान ३७०झेड ही स्पोर्ट्स कार आहे, २०१० ची, मॅन्युअल, मी सेकंड ओनर. २०१७ ला मुंबईहून आणली तेव्हा लग्न झालं नव्हतं, ऑफिस हिंजवडीला, आणि निव्वळ रिकामा रस्ता मिळावा म्हणून सकाळी सहाला घर सोडायचो. आता घरात पोरं दोन आणि गाडीत सीटाही दोनच. गेल्या दसऱ्यापासून ह्या दसऱ्यापर्यंत मोजून ३४० किमी झाली, त्यातली १२० ताम्हिणी घाटाची एकच चक्कर.

परवा पूजेसाठी बाहेर काढू म्हणून खाली गेलो तर गाडी रिमोटला दादच देईना. बॅटरी ठार. आतली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, पण पुढं काय, स्टिअरिंगही लॉक. शेवटी बेसमेंटमधे होती तिथंच पूजा. बायकोने कव्हर अर्धं मागं सारून बॉनेटवर झेंडूची माळ टाकली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि म्हणाली, "हे चिरडायला तरी चालू होणार आहे का?"

आता मुद्दा असा की १८ नोव्हेंबरला गाडीला १५ वर्षं पूर्ण होतात. इंपोर्टेड असल्याने रजिस्ट्रेशन रिन्यूची फी ४० हजार, ग्रीन टॅक्स वेगळा, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) अजून लावलेली नाही. टायर २०१६ चे, त्यांचा सेट लाखाच्या वर. रनिंग ३१ हजार. एका डीलरने फोटो बघूनच १४ लाख सांगितले, ऑनलाइन गाडी विकत घेणाऱ्यांच्या ॲपवर तर मॉडेलच सापडत नाही, आणि एक मित्र म्हणतो २२ च्या खाली बोलूच नकोस. खरा भाव काय धरायचा? आणि १८ तारखेच्या आत विकून मोकळं व्हावं का?

सीए_ताई
मी आकडे लिहिते, राग मानू नका. इन्शुरन्स, सर्व्हिस आणि बॅटरी मिळून वर्षाला किती जातात?

कोथरूडचा_झेड
इन्शुरन्स ५८ हजार, सर्व्हिस २६, नवी बॅटरी १४ म्हणाला. पेट्रोल धरलं नाही.

सीए_ताई
म्हणजे ९८ हजार. भाव १५ लाख धरला आणि ते पैसे सात टक्क्यांनी एफडीत असते तर १ लाख ५ हजार व्याज. एकूण २ लाख ३ हजार भागिले ३४०. किलोमीटरला ५९७ रुपये. ताम्हिणीची ती चक्कर तुम्हाला ७१ हजाराला पडली. पावसाळी भजी धरून.

विकणार असाल तर दोन गोष्टी. स्वतःच्या वापरातली गाडी इन्कम टॅक्सच्या हिशोबात कॅपिटल ॲसेट नसते, त्यामुळे विकून चार पैसे जास्त आले तरी त्यावर कॅपिटल गेन नाही (तुमच्या बाबतीत तो प्रश्न येणारही नाही म्हणा). आणि कोणी "अर्धे रोख देतो" म्हणाला तर हात जोडा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे, देणाऱ्याला नाही. म्हणजे तुम्हाला.

मुळशीचा_घाटवेडा
ताई ५९७ चा आकडा बरोबर आहे पण भागाकार उलटा बघा ना राव. दादाने वर्षाला ३४० ऐवजी ३४०० किमी चालवली तर तीच गाडी ६० रुपयांवर येते, विकायची गरजच काय! नॅचरली ॲस्पिरेटेड (म्हणजे टर्बो नसलेलं) ३.७ लिटर व्ही६ इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि हाताने टाकायचे सहा गिअर, असली गाडी आता आपल्याकडे नवी कोण देतंय, २०२० ला तर ३७०झेड बनणंच बंद झालं आणि त्यानंतरची नवी झेड इकडे आलीच नाही. विकून जे १५ येतील त्यात एखादी ऑटोमॅटिक एसयूव्ही येईल आणि ती पण दुधाच्या पिशव्या आणायला. रविवारी साडेपाचला पौडला ये, चहा माझ्याकडून.

कोथरूडचा_झेड
रविवारी साडेपाचला धाकटी उठते :(

गॅरेजवाले_काका
मी २५ वर्षं गाड्याच बघतोय म्हणून लिहितो. भाव नंतर, आधी गाडी बघा. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते हे लोकांना पटत नाही. टाकीत किती पेट्रोल आहे आणि कधी भरलेलं? आता पंपावर ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीत ते पेट्रोल आठवड्यात जळून जातं, तुमच्याकडे ते पूर्ण पावसाळा तसंच बसलंय. जास्त पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, वर पेट्रोल राहतं, आणि पंप ओढतो तळातलं. तुमची गाडी २०१० ची, ई२० साठी बनवलेली नाही. जुनं पेट्रोल उपसून काढा आणि इंडियन ऑइलचं एक्सपी१०० पेट्रोल टाका, त्यात इथेनॉल नसतं. लिटरला १६० च्या आसपास जातात पण तुम्हाला वर्षाला लागतं किती!

टायरवर चार आकडे बघा. ३२१६ असेल तर २०१६ चा बत्तिसावा आठवडा. नऊ वर्षांचे टायर, नक्षी कितीही दिसत असली तरी घाटात नेऊ नका, रबर कडक झालेलं असतं आणि एकाच जागी उभं राहून खाली चपटं पण. आणि बॉनेट उघडून उंदीर बघा. एका गिऱ्हाइकाच्या बॉनेटखालचं इन्सुलेशन उंदरांनी कुरतडून एअर फिल्टरच्या डब्यात घरटं केलं होतं, चार पिल्लं, गुलाबी. वायरिंगचं बिल सव्वा लाख झालं.

आता भाव. ह्या गाडीला बाजारभाव असा नसतोच. स्विफ्ट विकायची तर शंभर गिऱ्हाईक, म्हणून भाव ठरतो. मॅन्युअल झेड मनापासून हवी असणारे देशात समजा दहा-वीस जण, त्यातले आज पैसे हातात असलेले तीन. त्या तिघांतले दोघं एकाच वेळी इंटरेस्टेड झाले तर २० मिळतील, एकच आला तर १५, आणि कोणी नाही आलं तर डीलरचे १४ हाच भाव. मित्राला विचारा, २२ ला तो घेतो का.

एनजेचा_नाना
न्यू जर्सीहून. माझ्याकडे २०१२ ची होती, गेल्या वर्षी १५ हजार डॉलरला विकली, तीन दिवसांत. पण इकडचा भाव बघून तिकडचा ठरवू नका, इकडे ही गाडी गल्लोगल्ली आहे, पोरांनी सायलेन्सर बदलून वाट लावलेल्या तर ढिगाने. फायदा एकच, पार्ट मिळतात. हेच इंजिन इन्फिनिटी जी३७ मधे पण आहे. क्लच पॅडल खालीच राहायला लागलं तर घाबरू नका, गिअरबॉक्सच्या आतला स्लेव्ह सिलेंडर (पॅडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा) जातो, ह्या गाडीचं नेहमीचं दुखणं आहे, फक्त गिअरबॉक्स उतरवावा लागतो. विकायच्या आधी तपासा नाहीतर गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्हला शोधेल आणि लाख कापेल.

विकल्याचं वाईट वाटलं का? दोन आठवडे. मग गॅरेजमधे पोराचं टेबल टेनिस लावलं.

येझदीवाल्यांची_बायको
आमच्या ह्यांनी येझदी रोडकिंग मोटरसायकल भंगारच्या भावात दिली होती, साडेतीन हजाराला. वीस वर्षं झाली. रस्त्यात येझदी दिसली की अजून मान वळते आणि घरी येऊन मला सांगतात की तूच विक म्हणालीस. मी म्हणाले नव्हते. कोथरूडकर, काय करायचं ते करा, पण बायकोच्या नावावर टाकू नका.

सीए_ताई
:D :D

मुळशीचा_घाटवेडा
काका, १८ च्या आत विकणं बरं की रिन्यू करून?

गॅरेजवाले_काका
रिन्यू करून. महिन्याभरात संपणारी आरसी बघितली की गिऱ्हाईक ४० हजाराचं काम दाखवून दीड लाख कापतो. रिन्यू केलं की पुढची पाच वर्षं कागद स्वच्छ. आणखी एक, २० वर्षांवरच्या इंपोर्टेड गाडीची फी ऑगस्ट २०२५ पासून ८० हजार झालीय, म्हणजे २०३० ला हाच प्रश्न दुप्पट होऊन येणार, तेव्हा ठेवायची तर ते धरून ठेवा. दिल्लीचा गिऱ्हाईक आला तर तिकडचं १५ वर्षांचं कारण सांगून भाव पाडेल. बंगळूर, कोची, हैदराबाद बघा, आरटीओच्या एनओसीचा (दुसऱ्या राज्यात गाडी न्यायच्या ना-हरकत दाखल्याचा) व्याप होतो पण तिकडे असल्या गाड्यांचं वेड आहे.

आणि मालकी बदलाच्या २९-३० फॉर्मवर सही देऊन गाडी हवाली केली म्हणजे सुटलो असं समजू नका. आरसीवर नाव तुमचं असेल तर ॲक्सिडेंटची भरपाई तुमच्यावर येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे तसंच सांगितलंय. डीलरकडे गाडी महिनोन् महिने तुमच्याच नावावर फिरते. नाव बदललेलं स्वतः ऑनलाइन बघेपर्यंत इन्शुरन्स बंद करायचा नाही.

कोथरूडचा_झेड
अपडेट देतो, उशीर झाला. पेट्रोल उपसलं, साधारण १८ लिटर, बाटलीत धरून बघितलं तर खाली चक्क पाण्याची रेघ. काका तुमचे आभार. उंदीर नव्हता पण त्याच्या लेंड्या होत्या. क्लच ठीक आहे. रिन्यूची फी भरली, एचएसआरपीची तारीख मिळाली, इन्स्पेक्शन पुढच्या मंगळवारी. टायर घेतलेच, १ लाख १२ हजार, बायकोला ८० सांगितलेत, इथं कोणी बोलू नका.

विकायचं म्हणाल तर फेब्रुवारीपर्यंत १९ लावून ठेवणार, १७ च्या खाली देणार नाही, डीलरला देणार नाही. तोवर महिन्याला एक रविवार बायको पोरांना घेऊन माहेरी जाते त्या दिवशी घाट. घाटवेडा, चहा उधार आहे.

आणि हो, गाडी चालू केली तेव्हा दसऱ्याचं लिंबू चाकाखाली तसंच होतं, वाळून लाकूड झालेलं. कट्कन वाजलं.

बंगळूरकर_८६
दुसरी ओरिजिनल किल्ली आणि पहिल्या मालकाचं इन्व्हॉइस आहे का? असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. १७ जमेल.