८०४२ (कीबोर्ड-माउसचा कंट्रोलर) ड्रायव्हर: क्यूएमूमध्ये (एम्युलेटर) टायपिंग नीट, लॅपटॉपवर 'ए' दाबला की एंटर

प्रश्न
एक्स८६साठी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय. जुनाच पीआयसी (इंटरप्ट सीपीयूकडे पोचवणारी चिप), व्हेक्टर २० पासून रीमॅप केलेला. (पोर्ट, कमांड, स्कॅनकोड सगळे हेक्समध्ये.) सुरुवातीला पोर्ट ६४ (कमांड आणि स्टेटसचा) वर एए (सेल्फ टेस्ट), उत्तर ५५ (ठीक) येतं, मग पोर्ट ६० (डेटाचा) वर एफ४ (कीबोर्डने कोड पाठवणं सुरू करावं). जुन्या लॅपटॉपवर दोन त्रास होतात: 'ए' दाबून सोडला की कर्सर दोन ओळी खाली जातो, आणि टचपॅडला बोट लागलं की कीबोर्ड कायमचा गप्प. आयआरक्यू १ (कीबोर्डचा इंटरप्ट) च्या हँडलरमध्ये ६० वाचतो, ईओआय (इंटरप्ट हाताळून झाल्याची खूण) पाठवतो. कुठे बघू?

उत्तर १
दोन ओळी खाली जाणं हाच पुरावा आहे. स्कॅनकोडच्या (कीबोर्ड दर कीसाठी पाठवतो त्या कोडच्या) सेट २ मध्ये 'ए' म्हणजे १सी, सोडताना एफ० १सी. सेट १ मध्ये १सी म्हणजे एंटर, आणि तुमचं टेबल सेट १ चं दिसतंय. एफ० चा वरचा बिट चढलेला (१) असल्याने ड्रायव्हर त्याला 'की सुटली' समजतो आणि मागून येणारा १सी पुन्हा एंटर ठरतो. म्हणजे कॉन्फिगरेशन बाइटचा बिट ६, सेट २ चे कोड सेट १ मध्ये बदलणाऱ्या भाषांतराचा, उतरलाय (० आहे). काही कंट्रोलर सेल्फ टेस्टमध्ये हा बाइट बदलून टाकतात.

आधी एडी आणि ए७ ने दोन्ही पोर्ट (कीबोर्डचा आणि माउसचा) बंद करा. स्टेटसचा बिट ० (वाचायला बाइट आहे) उतरेपर्यंत ६० वाचत राहा. कमांड २० ने बाइट वाचून ठेवा, मग एए. ५५ आल्यावर कमांड ६० ने तो बाइट परत लिहा: बिट ० (कीबोर्डचा इंटरप्ट) आणि ६ चढवून, बिट ४ उतरवून. बिट ४ विसरू नका, एडीनेच तो चढवलेला असतो आणि तो चढलेला असेतो कीबोर्डचं क्लॉक बंद. शेवटी एफ४, आणि एफए (कीबोर्डची पोचपावती) येईपर्यंत थांबा. नाहीतर तो एफए कुठल्यातरी कीचा कोड म्हणून टेबलात शिरेल. दर लिखाणाआधी स्टेटसचा बिट १ शून्य झाल्याची खात्री करा, पण वेळमर्यादा घालूनच.

उत्तर २
टचपॅडचं दुखणं वेगळं. दोन्ही उपकरणांना आउटपुट बफर एकच, एका बाइटचा. बायोसने टचपॅडचं रिपोर्टिंग चालू सोडलेलं असू शकतं. आयआरक्यू १२ (माउस-टचपॅडचा इंटरप्ट) मास्क म्हणजे बंद असेल तर त्याचा बाइट कोणी उचलत नाही, बफर भरलेला राहतो आणि कीबोर्डचा बाइट आत येतच नाही.

माउस नको असेल तर एए नंतर ए७ पुन्हा पाठवा आणि बफर रिकामा करा. हवा असेल तर पीआयसीवर आयआरक्यू २ (दुसरा पीआयसी याच रेषेवर जोडलेला असतो) सुद्धा उघडा, आणि १२ च्या हँडलरमधून ईओआय ए० व २० दोन्हीकडे जाऊ द्या. हँडलरमध्ये नेहमी आधी ६४ वाचा: बिट ० असेल तरच ६० वाचायचा, बिट ५ चढला असेल तर बाइट माउसचा. इंटरप्ट उघडण्याआधी बफरात काही उरू देऊ नका. पीआयसी इथे एज-ट्रिगर्ड असतो, म्हणजे इंटरप्टची रेषा खालून वर जाते तेवढंच त्याला दिसतं. रेषा आधीच वर असेल तर नवी एज मिळणार नाही.

उत्तर ३
दोन्ही निदानं पटतात, पण डोळ्यांनी बघा. हँडलरमधून स्टेटस-डेटाची जोडी छोट्या रिंग बफरमध्ये टाका आणि बाहेरून सिरियल पोर्ट ३एफ८ वर छापा. हँडलरमध्येच छापलंत तर वेळेचं गणित बिघडतं. त्याच लॅपटॉपवर लिनक्स आय८०४२ चा डीबग पर्याय १ देऊन बूट करा, कर्नल लॉगमध्ये सुरुवातीच्या कमांडचा पूर्ण क्रम मिळतो. कीबोर्डचे बाइट त्यात मुद्दाम झाकलेले असतात. ते उघडणारा वेगळा पर्याय आहे. तो दिलात तर पासवर्ड टाइप करू नका, तोही लॉगमध्ये जाईल.

पुढे कॅप्सलॉकच्या दिव्यासाठी ईडी पाठवाल तेव्हा हँडलरमध्ये एफएची वाट बघत बसू नका. कमांडची रांग ठेवा, एफए आला की पुढचा बाइट, एफई आला तर तोच पुन्हा.