एच-निर्देशांक दहाच्या आत असेल, तर मार्गदर्शक होऊ नये?

धंतोलीकर
ज्या प्राध्यापकाचा एच-निर्देशांक दहापेक्षा कमी आहे, म्हणजे प्रत्येकी किमान दहा वेळा उद्धृत झालेले दहा निबंध ज्याच्या नावावर नाहीत, त्याला पीएच.डी.चे विद्यार्थी देऊ नयेत, असे रसायन_खामला यांनी काल येथे लिहिले. वाचून राहवले नाही. भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५ मध्ये हा निर्देशांक सुचवला, तेव्हा निरनिराळ्या शाखांचे आकडे सारखे नसतात, हे त्यांनीच नमूद केले होते. माझे एक सहकारी गडचिरोलीत गावोगाव फिरून गोंडी मौखिक गीते जमवतात आणि त्यांवर मराठीत लिहितात. त्यांची उद्धृते स्कोपससारख्या, उद्धृतांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सूचीत येणार कोठून?

रसायन_खामला
आकडे नव्हते तेव्हा काय चालत असे, ते मी सोसले आहे. एका मुलाखतीत माझ्या शोधनिबंधांविषयी एकही प्रश्न आला नाही. मी कोणाचा विद्यार्थी, एवढेच विचारले गेले आणि जागा आधीच ठरलेल्या उमेदवाराला मिळाली. आकडा निदान ओळखीपाळखी पाहत नाही.

ग्रंथपाल_महाल
आकड्यांनी काय केले, ते आम्ही ग्रंथालयात रोज पाहतो. २०१० मध्ये प्राध्यापकांच्या निवडी-बढतीसाठी निबंधांना गुण देणारी एपीआय पद्धती आली आणि पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नावे काढली, पुढे केअर ही नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचे जाहीर केले. आता संशोधक विद्यार्थी आम्हालाच विचारतात की, कोठे छापावे. आणि शुल्क भरून बसलेल्या मुलाला ते नियतकालिक बोगस आहे, हे सांगताना जीव तुटतो.

रसायन_खामला
ग्रंथपाल सर, कृपा करून दोन्ही गोष्टींची गल्लत करू नका! एपीआयने निबंधांची संख्या मोजली, म्हणून दुकाने निघाली. एच-निर्देशांक उद्धृते मोजतो. कोणी न वाचलेला निबंध त्यात भर घालत नाही.

ग्रंथपाल_महाल
उद्धृतेही आपसांत वाटून घेतली जातात, हे आपणास ठाऊक नाही, असे मी मानत नाही.

धंतोलीकर
आणि ओळखीने होणाऱ्या निवडीचे मी समर्थन केलेले नाही. उमेदवाराने निवडलेले तीन निबंध समितीने वाचावेत, एवढीच माझी मागणी आहे.

रसायन_खामला
ठीक आहे, भाषा आणि इतिहास या विषयांपुरती दहाची अट मी सोडतो. रसायनशास्त्रासाठी सोडणार नाही. परंतु निबंध वाचूनच ठरवायचे असेल, तर उमेदवाराला न ओळखणारे, नागपूरबाहेरचे दोन परीक्षक समितीत असलेच पाहिजेत.

धंतोलीकर
परीक्षकांची अट मान्य. मात्र त्यांनी प्रत्येक निबंधावर लेखी अभिप्राय द्यावा आणि तो उमेदवाराला दाखवला जावा.